सहवीजप्रकल्पाच्या विस्ताराला मत द्यावे का? टनामागच्या वाफेचा हिशेब

वाळवा तालुक्यातील एका ऊस उत्पादक सभासदांनी विचारले आहे. त्यांच्या सहकारी कारखान्यात रोज सुमारे ५,००० टन ऊस गाळला जातो आणि तेथे १२ मेगावॅटचा जुना सहवीजप्रकल्प, म्हणजे चिपाड जाळून साखरेसाठी वाफ आणि सोबत वीज देणारा संच, आहे. येत्या वार्षिक सभेत तो ३० मेगावॅटपर्यंत वाढवून वर्षातील २४० दिवस चालवण्याचा ठराव येणार आहे. ही वीज हवामान बदल रोखणारी आहे आणि तिच्यापोटी कार्बन क्रेडिटचे (वाचवलेल्या उत्सर्जनाच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचे) उत्पन्नही मिळेल, असे प्रकल्प अहवालात लिहिले आहे. घरात शिकणाऱ्या मुलीचा आक्षेप असा की, ज्या पिकाला एवढे पाणी लागते त्याच्या चिपाडाची वीज हरित म्हणायची कशी. पारावरच्या मंडळींचा आक्षेप असा की, सौरवीज इतकी स्वस्त झाल्यावर आपली वीज घेणार कोण. अशा वेळी मत कोणत्या बाजूने द्यावे, हा त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली सव्वीस वर्षे साखर कारखान्यांच्या बॉयलर आणि टर्बाइनवर काम करतो आहे. पहिली काही वर्षे कराडच्या बाजूला गेली आणि नंतरची सांगली जिल्ह्यात. माझ्या मते आपल्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. कारखान्याच्या स्वतःच्या बगॅसमधून, म्हणजे चिपाडातून, किती वीज निघू शकते, हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. ती वीज ग्रिडवर गेल्याने कोठे किती कोळसा वाचतो, हा हवामानाचा प्रश्न आहे. आणि त्या विजेला कोण किती दर देईल, हा धोरणाचा प्रश्न आहे. अहवाल लिहिणारे बहुधा तिसऱ्यापासून सुरुवात करतात. मी पहिल्यापासून करतो, कारण पहिल्या प्रश्नाचा आकडा चुकला की पुढचे दोन्ही चुकतात.

एक टन ऊस गाळला की साधारण २८० किलो बगॅस मिळते आणि त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. ८७ किलो दाबाच्या (दर चौरस सेंटिमीटरला) चांगल्या बॉयलरमध्ये एक किलो बगॅस सुमारे २.२ किलो वाफ देते. गाळणीसाठी लागणारे बगॅसिलो (बगॅसचा बारीक भुसा), सुरू-बंद होण्यातील नासाडी आणि इतर घट वजा केली, तर टनभर उसामागे ६०० किलो वाफ हाती राहते, असे धरू. या वाफेची वाटणी दोन ठिकाणी होते. एक भाग टर्बाइनमधून अडीच किलोच्या आसपासच्या दाबावर बाहेर काढून रस आटवण्यासाठी आणि पॅनसाठी (साखरेचे दाणे धरणाऱ्या भांड्यांसाठी) जातो. या मार्गाने जाताना साधारण पावणेसहा किलो वाफेमागे एक युनिट वीज मिळते. उरलेला भाग थेट कंडेन्सरपर्यंत (वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रापर्यंत) नेला, तर चार किलोमागे एक युनिट मिळते. आपल्याकडील बऱ्याच जुन्या कारखान्यांत प्रक्रियेलाच उसाच्या वजनाच्या ५० टक्के वाफ लागते, म्हणजे टनामागे ५०० किलो. मग वाटणी ५०० आणि १०० अशी होते व टनामागे सुमारे ११२ युनिट तयार होतात. कारखान्याची स्वतःची आणि प्रकल्पाच्या पंप-पंख्यांची गरज ४० युनिटांच्या घरात असते. ती वजा करता बाहेर विकायला ७२ युनिट राहतात.

आता तीच साखर बनवताना वाफ ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणली, तर काय होते ते पाहा. वाटणी ४०० आणि २०० अशी होते, एकूण वीज १२० युनिटांपर्यंत जाते आणि विक्रीला ८० युनिट उरतात. वाचलेल्या शंभर किलो वाफेमागे पंचवीस युनिट जास्त मिळतील, असे काही सल्लागार सांगतात. तो हिशेब चुकीचा आहे, कारण ती शंभर किलो वाफ प्रक्रियेकडे जातानाही सतरा-अठरा युनिट देतच होती. खरी भर आठ युनिटांची आहे. ऐकायला ती कमी वाटते, पण १४० दिवसांच्या हंगामात सात लाख टन गाळपावर ती छप्पन्न लाख युनिट होते आणि त्यासाठी शेतात उसाचे एकही जादा कांडे लावावे लागत नाही. फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर (कमी वाफेत रस आटवणारे यंत्र), त्याच्या पुढच्या भांड्यातील वाफ रस तापवण्यासाठी वापरणे, अखंड चालणारे पॅन, मिलच्या जुन्या वाफ-टर्बाइनऐवजी विजेच्या मोटारी, ही सारी कामे नवा बॉयलर आणण्याच्या आधी किंवा निदान त्याच्या बरोबरीने व्हायला हवीत. शेवटच्या मिलवर लक्ष देऊन बगॅसचा ओलावा ५० वरून ४८ टक्क्यांवर आणला, तरी उष्मांक सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. हे काम रोजचे, कंटाळवाणे आणि कोणत्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर न छापले जाणारे आहे; पण मी पाहिलेल्या चांगल्या आणि वाईट प्रकल्पांतील फरक बहुतेक वेळा तेथेच होता.

हा हिशेब आपल्या ठरावाला लावू. रोजच्या ५,००० टनांमागे टनाला १२० युनिट म्हणजे दिवसाला सहा लाख युनिट, आणि चोवीस तासांनी भागले की २५ मेगावॅट. सगळे नीट चालले तर आपल्या कारखान्याचे बगॅस हंगामात २४ ते २५ मेगावॅट पेलू शकते. मग वरचे पाच मेगावॅट कशावर चालणार? आणि हंगाम १४० दिवसांचा असेल, तर उरलेले १०० दिवस काय जाळणार? ३० मेगावॅटचा संच शंभर दिवस पूर्ण भाराने चालवायचा तर ७.२ कोटी युनिट होतात. त्यांना चार किलोप्रमाणे २ लाख ८८ हजार टन वाफ आणि तेवढ्या वाफेला सुमारे १ लाख ३० हजार टन बगॅस लागते. आपल्या संपूर्ण हंगामाचे बगॅसच १ लाख ९६ हजार टन आहे आणि त्यातील बहुतेक सारे हंगामातच जळणार आहे. म्हणजे हंगामाच्या बगॅसच्या दोन तृतीयांशाएवढे इंधन बाहेरून आणावे लागेल, किंवा कोळसा जाळावा लागेल. अहवालात '२४० दिवस' हा शब्द जेथे आला आहे, तेथेच इंधनाचे नाव आणि टन शोधा. ते नसतील, तर तो आकडा केवळ बँकेच्या परतफेडीचे गणित जुळवण्यासाठी लिहिलेला असू शकतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी पूर्वी ज्या एका कारखान्यात होतो, तेथे १६० दिवसांचा हंगाम गृहीत धरून प्रकल्प उभा केला गेला. पुढे आसपासच्या सगळ्याच कारखान्यांनी गाळपक्षमता वाढवली, ऊस मात्र तेवढाच राहिला, आणि हंगाम ११० दिवसांवर आला. कर्जाचा हप्ता दिवसांवर ठरत नाही. शेवटी ऑफ-सीझनला बाहेरून बगॅस घेण्याचे प्रयत्न झाले. पण तेव्हा कागद गिरण्याही तेच बगॅस शोधत असतात, आणि दर असा चढतो की युनिटमागचा इंधनखर्चच विक्रीदराजवळ पोहोचतो. त्या वर्षीच्या हिशेबाच्या बैठकीत मी तांत्रिक बाजूला बसलो होतो आणि बॉयलरची कार्यक्षमता चांगली आहे, एवढेच सांगू शकलो. सभासदांना त्याचा काही उपयोग नव्हता.

आता हवामानाचा भाग. बगॅस जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच, पण तो उसाने त्याच किंवा आदल्या वर्षी हवेतून घेतलेला असतो, म्हणून त्याची वेगळी भर धरली जात नाही. खरा फायदा दुसरीकडे आहे. आपली युनिट ग्रिडवर गेली की तेवढी वीज दुसऱ्या कोणाला तरी तयार करावी लागत नाही, आणि भारतात तो दुसरा बहुतेक वेळा कोळशावरचा संच असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा सरासरी उत्सर्जन गुणांक काढते. तो सध्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड असा आहे. मात्र सगळी ८० युनिटे नव्या प्रकल्पाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. आपला जुना १२ मेगावॅटचा संच आजही टनामागे वीस-बावीस युनिट बाहेर देत असणार. त्यामुळे नवी भर साधारण ५८ युनिटांची, सात लाख टनांवर सुमारे चार कोटी युनिटांची आणि वर्षाला २८,००० टन कार्बन डायऑक्साइड वाचवणारी. एका सहकारी कारखान्यासाठी हा आकडा खरोखर मोठा आहे, आणि तो प्रामाणिक आहे.

पण ऑफ-सीझनचे ते शंभर दिवस कोळशावर काढले, तर काय होते? लहान संचात कोळशाची एक युनिट वीज एक किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते. ती ग्रिडच्या सरासरीपेक्षा किमान ०.३ किलोने वाईट आहे. ७.२ कोटी युनिटांवर ही तूट २१,००० टनांच्या पुढे जाते. हंगामात कमावलेल्या २८,००० टनांतील तीन चतुर्थांश हिस्सा उन्हाळ्यात असा निघून जातो, आणि दारावरची पाटी मात्र वर्षभर हरित ऊर्जेचीच राहते. मॉरिशसमध्ये साखर कारखान्यांनी हंगामात बगॅस आणि एरवी कोळसा जाळणारी वीजकेंद्रे उभारली. त्या बेटाला बाराही महिने वीज मिळाली, पण कोळशाची आयातही त्याबरोबर आली. आपल्या विद्युत कायदा २००३ मधील सहवीजनिर्मितीच्या व्याख्येत एकाच प्रक्रियेतून दोन किंवा अधिक उपयुक्त ऊर्जा एकाच वेळी मिळणे एवढीच अट आहे. इंधन कोणते, हे व्याख्या सांगत नाही. म्हणून 'सहवीज' या शब्दावर समाधान मानू नये, इंधन विचारावे.

आपल्या मुलीचा पाण्याचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याला उडवून लावणारे उत्तर देऊ नये. आपल्याकडे उसाला साधारण २,००० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते, आणि पाटपाण्यावर मोकाट दिले तर त्याहूनही जास्त जाते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांतून कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतकडे जाते, आणि ते उचलायलाही वीज लागते. तरीही आज जो ऊस उभा आहे तो साखरेसाठी आणि इथेनॉलसाठी आहे. बगॅस त्याच्यामागून येतेच, ते जुन्या बॉयलरमध्ये अर्धवट वाया घालवायचे की चांगल्या बॉयलरमध्ये वापरायचे, एवढाच निर्णय येथे आहे. त्यामुळे असलेल्या उसावरच्या सहवीजेवर पाण्याचा बोजा टाकणे मला योग्य वाटत नाही. मात्र प्रकल्पाचा हप्ता फेडण्यासाठी गाळप वाढवावे लागले, आणि गाळप वाढवण्यासाठी दुष्काळी भागात नवा ऊस लावायला प्रोत्साहन दिले, तर तो बोजा त्या प्रकल्पाचाच आहे, कारण पाणी, नत्रखत आणि त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हे सगळे मग त्याच्या हिशेबात येते. नायट्रस ऑक्साइडचा शंभर वर्षांतील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट मानला जातो. शेताच्या बांधावर युरियाची गोणी ओतताना हे कोणी मनात आणत नाही. मुलीला म्हणावे, तुझा मुद्दा ३० मेगावॅटच्या ठरावाला लागू पडतो, २४ च्या ठरावाला कमी पडतो.

कारखान्याच्या आतल्या पाण्याबद्दल एवढेच की, उसात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि रस आटवताना ते कंडेन्सेट म्हणून परत मिळते. नीट आखणी असेल तर कूलिंग टॉवरची बरीच गरज त्यातून भागते.

पाचटाबद्दल अनेक जण विचारतात, म्हणून सांगतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट शेतात राहते, मग ते गोळा करून ऑफ-सीझनला का जाळू नये? मी हे करून पाहिले आहे. बगॅसमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास पाचटाच्या गाठी मिसळल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुपरहीटरवर (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवर) काचेसारखा थर चढला आणि बॉयलर थंड करून तो हाताने फोडून काढावा लागला. पाचटात पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त असतात. राख लवकर वितळते, नळ्यांना चिकटते आणि धातू खाते. तशा इंधनासाठी बॉयलर आधीपासून वेगळा आखावा लागतो. शिवाय खोडव्यात पाचटाचे आच्छादन ठेवले तर ओल टिकते आणि जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ते वर्षानुवर्षे सांगत आली आहे आणि आपल्या भागातील बऱ्याच शेतकऱ्यांनी ते स्वीकारलेही आहे. ज्या फडात पाचट पेटवूनच दिले जाते, तेथील पाचट बॉयलरकडे आणणे नक्कीच चांगले. जेथे ते कुजवले जाते, तेथून ते उचलू नये.

धोरणाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिल्याशिवाय दराचा प्रश्न समजत नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने बगॅसवरील सहवीजेसाठी दराचा आदेश २००२ मध्ये दिला आणि तेव्हापासून कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या करारावर कर्ज मिळू लागले. विद्युत कायदा २००३ च्या कलम ८६(१)(ई) ने सहवीज आणि अपारंपरिक स्रोतांना प्रोत्साहन देण्याची व त्यांच्याकडून ठरावीक टक्के वीज खरेदी करायला लावण्याची जबाबदारी राज्य आयोगांवर टाकली. २००८ च्या राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखड्याने त्या टक्केवारीला राष्ट्रीय दिशा दिली. राज्याच्या २०२० च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात एकूण १७,३६० मेगावॅटपैकी १,३५० मेगावॅट सहवीजेसाठी ठेवले होते. आज महाराष्ट्रातील सहवीजेची स्थापित क्षमता अडीच हजार मेगावॅटांहून अधिक आहे. ग्रामीण भागात, जेथे इंधन तयार होते तेथेच, शेतकऱ्यांच्या मालकीच्या संस्थांनी उभारलेली ही क्षमता आहे, आणि एका विकसनशील देशासाठी ही साधी गोष्ट नाही.

यात एक मोठी उणीव मात्र राहिली. ही सारी धोरणे मेगावॅटमध्ये लिहिली गेली. उद्दिष्ट मेगावॅटचे, मंजुरी मेगावॅटची, अर्थसाहाय्यही बहुधा मेगावॅटमागे. ज्या कारखान्याने प्रक्रियेतील वाफ ५० वरून ३८ टक्क्यांवर आणली त्याला वेगळे काही मिळाले नाही, आणि ज्याने नुसता मोठा संच बसवला त्याचे नाव यादीत आले. माझे स्पष्ट मत आहे की, प्रोत्साहन टनामागे निर्यात झालेल्या युनिटांवर आणि फक्त स्वतःच्या बगॅसवर मोजले असते, तर आज तेवढ्याच उसातून बरीच जास्त वीज मिळाली असती.

दराचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक असेलच. नियामक आयोगाने ठरवलेले दर काही वर्षे सहा रुपयांच्या पुढे होते. नंतर निविदेची पद्धत आली आणि दर पाच रुपयांच्या आत आले. २०२४ मध्ये राज्य शासनाने युनिटमागे दीड रुपयाचे अनुदान एका वर्षापुरते मंजूर केले. अडचणीतल्या कारखान्यांना त्याचा आधार झाला, पण बारा वर्षांचे कर्ज एका वर्षाच्या अनुदानावर घेता येत नाही. आपल्या अहवालात दर कोणता धरला आहे आणि त्यामागे सही झालेला वीजखरेदी करार आहे की केवळ अपेक्षा, हे पाहावे.

सौरवीज अडीच रुपयांना मिळते, हे खरे आहे. ती दुपारी मिळते, हेही तेवढेच खरे आहे. संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळात, दिवे लागतात, घराघरांत मागणी चढते, तेव्हा सौर पॅनेल शांत असते आणि सहवीजेचा संच दुपारइतक्याच भाराने चालू असतो. हिवाळ्यात, रब्बीच्या दिवसांत, तो चोवीस तास आपल्या जवळच्याच उपकेंद्रावर वीज टाकतो, त्यामुळे लांबून आणण्यातील घटही वाचते. ब्राझीलमध्ये उसाचा हंगाम कोरड्या महिन्यांत येतो, नेमका जेव्हा तेथील जलविद्युतची धरणे खाली जातात. म्हणून तेथे बगॅसची वीज पाण्याची जोडीदार मानली जाते. आपल्याकडे ती सौरवीजेची रात्रीची जोडीदार ठरू शकते. त्यासाठी वेळेनुसार दर हवा: दुपारच्या युनिटला कमी, संध्याकाळच्या युनिटला जास्त. तसा करार मिळाला तर दुपारी भार थोडा कमी ठेवून बगॅस राखता येते आणि संध्याकाळी कंडेन्सिंगकडे जास्त वाफ देता येते. गाळप चालू असताना याला मर्यादा आहे, कारण पॅनला वाफ सतत लागते, पण थोडी लवचीकता नक्की मिळते. साखर संघ आणि कारखान्यांनी सरसकट दरवाढ मागण्याऐवजी या संध्याकाळच्या युनिटांचे मोल मागावे, असे मी अनेक बैठकांत म्हणत आलो आहे.

कार्बन क्रेडिटच्या उत्पन्नाबद्दल माझा सल्ला सरळ आहे: प्रकल्पाच्या परतफेडीत त्याची रक्कम शून्य धरावी. क्योटो करार २००५ मध्ये अमलात आल्यावर स्वच्छ विकास यंत्रणेखाली (विकसनशील देशांतील उत्सर्जन-बचतीला क्रेडिट देणाऱ्या व्यवस्थेखाली) भारतातील अनेक बगॅस प्रकल्पांची नोंद झाली. मी तेव्हा ज्या कारखान्यात होतो तेथे आम्ही मीटरची नोंदवही, बगॅसचे वजन, प्रयोगशाळेचे दाखले सारे जुळवून ठेवले. मोजमापाची शिस्त त्यातूनच लागली, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. पण २०१२ च्या सुमारास त्या क्रेडिटचे भाव कोसळले आणि अंदाजपत्रकातील तो रकाना रिकामा राहिला. आता २०२२ च्या ऊर्जा संवर्धन सुधारणा कायद्यानंतर २०२३ मध्ये देशाची स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आहे. तिच्यातून पुढेमागे काही मिळाले तर आनंदच आहे. मात्र एकाच युनिटचा हरितपणा दोनदा विकता येत नाही. महावितरणने ती वीज स्वतःच्या अपारंपरिक खरेदीच्या बंधनात मोजली असेल, तर त्याच युनिटवर पुन्हा क्रेडिट मागण्याआधी कराराची कलमे वकिलाला दाखवावीत.

इथेनॉलचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही, पण कारखान्याला डिस्टिलरी असेल किंवा होणार असेल, तर वरचे सारे आकडे हलतात. रसाचे किंवा सिरपचे इथेनॉल करायचे, तर साखरेच्या पॅनची काही वाफ वाचते आणि ऊर्ध्वपातनाची वाफ वाढते. डिस्टिलरी हंगामानंतरही चालली, तर साठवलेले बगॅस तिकडे जाते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक निर्बंध आणले, तेव्हा ज्यांची वाफेची आखणी एकाच गृहीतकावर बसली होती त्यांची फार ओढाताण झाली. साखर, इथेनॉल आणि वीज यांचा एकत्रित वाफेचा ताळेबंद, किमान दोन पर्यायांसह, अहवालात असलाच पाहिजे.

हवामान बदल ही आपल्याकडे केवळ धोरणाच्या कागदावरची गोष्ट राहिलेली नाही, म्हणून एक अनुभव सांगतो. २०१९ च्या महापुरात वाळवा, पलूस, मिरजेच्या पट्ट्यातील ऊस दिवसचे दिवस पाण्याखाली राहिला. शेंड्यात पाणी गेले, कांड्यांना पांगशा फुटल्या, आणि त्या हंगामात जो ऊस गव्हाणीत आला तो गाळ घेऊन आला. बगॅसमधील मातीमुळे भट्टीत आच धरेना, राख दुप्पट वाटू लागली, आणि हंगाम संपल्यावर उघडून पाहिले तेव्हा आयडी फॅनची (भट्टीतील धूर ओढणाऱ्या पंख्याची) पाती व इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेवर बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या) नळ्या वाळूने घासून पातळ झाल्या होत्या. २०२१ ला पुन्हा पाणी आले. ज्या प्रकल्पाने हवामान सावरायला मदत करायची, त्याचे इंधन, त्याचे दिवस आणि त्याच्या नळ्या हवामानाच्याच हाती आहेत. म्हणून मी कोणत्याही अहवालात पाच वर्षांतील सर्वांत वाईट हंगाम धरून परतफेड जमते का, हे आधी पाहतो. १४० दिवसांच्या जागी १०० दिवस घातले की अनेक सुंदर तक्ते मोडतात.

आपले मत काय असावे, हे काही प्रमाणात मला न दिसणाऱ्या गोष्टींवर अवलंबून आहे: सध्याच्या कर्जाचा बोजा किती आहे, जुन्या बॉयलरचे आयुष्य किती उरले आहे, पुढील दहा वर्षे ऊस कोठून येणार आहे. तरीही प्रश्नातील माहितीवरून मी आपल्या जागी असतो, तर ३० मेगावॅट आणि २४० दिवसांच्या ठरावाला विरोध केला असता. ८७ किलो दाबाचा नवा बॉयलर, २४ मेगावॅटच्या आसपासचा संच आणि प्रक्रियेतील वाफ ४० टक्क्यांवर आणण्याची कामे एकाच वेळी, असा ठराव आला तर त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो, कारण त्यात जादा ऊस नाही, कोळसा नाही आणि २८,००० टनांचा फायदा आपल्या हिशेबात टिकतो. उत्पन्नाच्या वाटणीबद्दलही त्याच सभेत विचारता येईल. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर व बगॅससारख्या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाला सुचवला होता. त्यामुळे सहवीजप्रकल्पाला दिलेल्या बगॅसची किंमत कारखाना आपल्या हिशेबात किती धरतो, याचा आपल्या बिलाशी थेट संबंध आहे.

सभेच्या आठ दिवस आधी लेखी अर्ज देऊन गेल्या पाच हंगामांचे अंतिम उत्पादन अहवाल, म्हणजे आरटी-८सी, मागा. त्यातून गाळपाचे प्रत्यक्ष दिवस, बगॅसची टक्केवारी, बगॅसचा ओलावा आणि ऊस नसल्यामुळे बंद राहिलेले तास उतरवून घ्या. मुख्य अभियंत्यांकडून प्रक्रियेतील वाफेची टक्केवारी आणि महावितरणला गेलेल्या युनिटांची महिनावार नोंद घ्या. ते अडवणार नाहीत. बहुतेक अभियंत्यांना हे कोणीतरी विचारावे असेच वाटत असते. आणि ऑफ-सीझनला कोळसा वापरला जाणार नाही, हे वाक्य ठरावाच्या मजकुरातच असावे, अशी दुरुस्ती सुचवा. हे आकडे मला कळवलेत, तर आपल्या कारखान्यासाठी १००, १२० आणि १४० दिवसांचे तीन ताळेबंद मी मांडून देईन, म्हणजे सभेत बोलताना आपल्या हातात कागद असेल.